टायर निवडावा जमीन बघून

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात, सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीच्या शिवारात ५०० मिलिमीटर झाला तरी माणसं वर्ष बरं गेलं म्हणतात. सांगली जिल्ह्याचीही हीच तऱ्हा. पश्चिमेला शिराळ्याचे डोंगर आणि चांदोलीचं जंगल, मधे कृष्णा-वारणाकाठचा काळ्याभोर मातीचा ऊसपट्टा आणि पूर्वेला आटपाडी-जतचे मुरमाड माळ. कासहून सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी जतला पोचते, तेव्हा तिच्या चाकांखालून जांभा, डांबर, काळी माती आणि मुरूम अशा चार जमिनी गेलेल्या असतात.

जमिनी चार, पण टायरचा संच एकच. म्हणून या भागात फोर बाय फोर गाडी वापरणाऱ्याला टायरची निवड इतर कुठल्याही निवडीपेक्षा जास्त विचाराने करावी लागते. गाडी फोर बाय फोर आहे म्हणजे ती कुठेही जाईल, असा समज फार पसरलेला आहे. ती यंत्रणा इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोचवते. ती ताकद जमिनीला लावायचं काम टायरचं. टायरने पकड सोडली की चारही चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी आणखी खोल रुतते.

आपल्याकडे व्हॅन म्हटलं की मारुतीची ओम्नी किंवा ईको आठवते. ईकोला १५५ आर १३ मापाचे लहान टायर असतात आणि ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. जपानच्या मित्सुबिशी डेलिकासारखी कारखान्यातूनच चारही चाकांना ताकद घेऊन येणारी व्हॅन आपल्या रस्त्यांवर रुजली नाही. तिची जागा इथे जीपच्या जातीच्या लांब गाड्यांनी घेतली: वडापच्या, म्हणजे शेअर भाड्याच्या जीपा, बोलेरो, आणि अलीकडे पुण्याच्या फोर्स मोटर्सची पाच दारांची गुरखा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच झोपायची, स्वयंपाकाची सोय करून घेणारी मंडळीही आता दिसू लागली आहेत. या सगळ्यांपुढे प्रश्न एकच असतो: टायर कुठला आणि चाक किती इंची?

धाव, डनलॉप आणि जीप

हा प्रश्न इथल्या मातीला नवा नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवत. लोहार धाव लालबुंद तापवायचा, चाकावर बसवून ठोकायचा आणि वरून पाणी ओतायचा, म्हणजे ती आकसून घट्ट बसायची. कोरड्या माळावर अशी धाव वर्षानुवर्षं टिकायची. पण पावसाळ्यात काळ्या रानात तेच चाक खोल रुतायचं, कारण लोखंडाच्या अरुंद पट्टीवर सगळ्या गाडीचा भार यायचा. साखर कारखाने उभे राहिले, उसाच्या खेपा वाढल्या आणि बैलगाडीला हवेचे रबरी टायर लागले. त्या गाडीला गावोगाव ‘डनलॉप’ म्हणू लागले. रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या टायरचं पहिलं पेटंट घेतलं होतं, पण तो टायर विसरला गेला. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने तो पुन्हा शोधला आणि जगभर नेला. तेवढेच बैल त्याच रानातून जास्त ऊस ओढू लागले, ते या हवेमुळे.

जीप आली ती वेगळा टायर घेऊन. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. मूळ लष्करी जीपचं टायरचं माप होतं ६.००-१६, म्हणजे रुंदी सहा इंच आणि रिम सोळा इंची. आजच्या मानाने हा टायर अगदी अरुंद, पण उंच. तो वरचा चिखल कापून खालच्या टणक थरावर जाऊन बसायचा. पुढे १९४६ मध्ये मिशेलिनने पेटंट घेतलेला रेडियल टायर जगभर पसरला. त्याचे धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जात असल्यामुळे बाजू लवचीक राहते आणि जमिनीला टेकणारा पट्टा सपाट राहतो. १९७६ मध्ये अमेरिकेच्या बीएफगुडरिच कंपनीने रेडियल ऑल-टेरेन टायर आणला. डांबरावरही चालेल आणि कच्च्या वाटेवरही, असा टायर तेव्हापासून सामान्य गाडीवाल्याच्या आवाक्यात आला. आज सीएट, एमआरएफ, अपोलो, जेके या भारतीय कंपन्याही तो बनवतात.

भार हवा पेलते

गाडीचा बहुतेक भार रबर पेलत नाही, टायरमधली हवा पेलते. रबराचं काम ती हवा कोंडून ठेवायचं आणि जमीन धरायचं. यातून एक सोपं गणित निघतं: टायर जमिनीला ज्या दाबाने दाबतो, तो साधारण त्याच्यातल्या हवेच्या दाबाएवढा असतो.

माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन २,००० किलो आहे आणि ते चारही चाकांवर सारखं वाटलेलं आहे असं समजू. एका चाकावर ५०० किलो आले. हवा ३५ पीएसआय (म्हणजे चौरस इंचाला ३५ पौंड) असेल तर एक टायर जमिनीला साधारण २०० चौरस सेंटिमीटर एवढाच टेकतो. तीच हवा १८ पीएसआयवर आणली की टेकणारा भाग ३९० चौरस सेंटिमीटरच्या घरात जातो. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा बदलतो, पण दिशा हीच राहते. टायर न बदलता, एक पैसा खर्च न करता जमिनीवरचा दाब जवळजवळ निम्मा झाला. टेकणारा भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो आणि मऊ जमिनीवर ही लांबीच गाडीला पुढे काढते.

कुठल्याही महागड्या नक्षीपेक्षा हवेचा हा हिशेब जास्त कामाचा आहे. मऊ मातीत शिरण्यापूर्वी हवा कमी करावी, डांबरावर येण्यापूर्वी पुन्हा भरावी. त्यासाठी चांगला प्रेशर गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. मर्यादाही लक्षात ठेवावी. १८-२० पीएसआयवर गाडी सावकाश चालवावी आणि स्टेअरिंगला झटका देऊ नये. १५ च्या खाली गेलं की वळताना टायरची कड रिमवरून सुटण्याचा धोका असतो. आणि कमी हवेने महामार्गावर वेग घेतला तर टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात. मे महिन्याच्या दुपारी असा टायर फुटायला वेळ लागत नाही.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजावी. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. डिसेंबरातल्या पहाटे महाबळेश्वरला भरलेली हवा दुपारी जतच्या उन्हात ४-५ पीएसआयने जास्त दिसेल. ती वाढ पाहून हवा सोडू नये. टायर थंड झाला की आकडा मूळ जागी येतो.

टायरच्या अंगावरचे आकडे

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या टायरपाशी बसून त्याच्या बाजूवर उठवलेली अक्षरं एकदा नीट वाचावीत. २४५/७५ आर १६ १११ एस असं लिहिलं असेल तर २४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १८४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १६ हा रिमचा व्यास इंचांत. १११ हा भाराचा निर्देशांक. त्याचा अर्थ पूर्ण हवा असताना एक टायर १,०९० किलो पेलतो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी मान्य.

चार आकडी तारीखही शोधावी. ‘२३२४’ असेल तर तो टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. रबर न वापरताही म्हातारं होतं. नक्षी कोरीकरकरीत असली तरी जुन्या साठ्यातला टायर घेऊ नये. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्ह असावं लागतं, तेही पाहावं. ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण नक्षीत पुरेशा खाचा असल्याचं सांगते. आपल्या काळ्या मातीत हा टायर चालेल याची ती हमी नाही.

या आकड्यांवरून टायरची एकूण उंची काढता येते: बाजूच्या उंचीची दुप्पट अधिक रिमचा व्यास. बोलेरोचा २१५/७५ आर १५ साधारण ७०४ मिलिमीटर भरतो. जिम्नीचा १९५/८० आर १५ भरतो ६९३. हे गणित एकदा हातात आलं की दुकानदाराच्या ‘साहेब, हा बसतो’ या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही.

रिम किती इंची?

गेल्या काही वर्षांत गाड्यांची चाकं मोठी होत चालली आहेत. २०२० च्या थारमध्ये एका प्रकाराला २४५/७५ आर १६ टायर होता आणि दुसऱ्याला २५५/६५ आर १८. थार रॉक्सच्या वरच्या प्रकारांना २५५/६० आर १९ मिळतो. गुरखाची २०२१ ची आवृत्ती २४५/७० आर १६ वर होती, २०२४ ची २५५/६५ आर १८ वर गेली. मोठ्या रिममध्ये मोठा ब्रेक मावतो, डांबरावर वळताना गाडी कमी झुलते आणि ती दिसतेही रुबाबदार.

कच्च्या वाटेवर हिशेब उलटा होतो. २५५/६५ आर १८ आणि २५५/६० आर १९ या दोन्ही टायरांची एकूण उंची जवळजवळ सारखीच, ७८९ मिलिमीटर. पण पहिल्याच्या बाजूची उंची १६६ आणि दुसऱ्याची १५३. धोंड्यावर आपटल्यावर दबायला, हवा कमी केल्यावर पसरायला आणि रिमला मार लागण्यापासून वाचवायला हेच मिलिमीटर उपयोगी पडतात. थारचा सोळा इंची टायर एकूण उंचीने अठरा इंचीपेक्षा सुमारे १५ मिलिमीटरने कमी, पण त्याची बाजू १८४ मिलिमीटर, म्हणजे सगळ्यांत उंच. कच्च्या रस्त्यांसाठी नियम साधा आहे: कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्या रिमांपैकी सर्वांत लहान रिम घ्यावा. त्याहून लहान घालायला जाऊ नये, कारण आत ब्रेकचा कॅलिपर बसायला जागा लागते.

दुसरा विचार रस्त्यावरच्या सोयीचा. १५ आणि १६ इंची टायर कराड, विटा, जत अशा गावांत मिळण्याची शक्यता जास्त. १९ इंची टायर बाजूने फाटला तर पुण्या-कोल्हापूरकडे पाहावं लागतं. पोलादी रिम आपटून वाकला तर हातोडीने कड सरळ करून तात्पुरतं गाव गाठता येतं. अलॉय रिमला तडा गेला की विषय संपतो. आडवाटेला पोलादी रिम जड पण भरवशाचा.

रिम बदलताना फक्त इंच जुळून भागत नाही. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचं माप आणि रिम आत-बाहेर किती बसतो, हे सगळं जुळावं लागतं. चाक फार बाहेर काढलं तर बेअरिंगवर ताण येतो, स्टेअरिंग जड होतं आणि चिखल थेट दारांवर उडतो. वळताना आणि खड्ड्यात चाक वर आल्यावर टायर मडगार्डला किंवा पाट्यांना घासत नाही ना, हेही दोन्ही बाजूंना पूर्ण स्टेअरिंग फिरवून पाहावं.

किती मोठा टायर चालेल?

मोठ्या टायरचा मोह स्वाभाविक आहे आणि त्याला एक खरं कारणही आहे. ज्या गाडीला मागे सलग अ‍ॅक्सल असतो, तिच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून उचलायचा तर मोठ्या टायरशिवाय मार्ग नाही. स्प्रिंगा उंच केल्या तर गाडीचं धड वर जातं, तो गोळा तिथेच राहतो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांतून जाताना मधल्या उंचवट्यावर घासतो तो हाच भाग.

बोलेरोला २१५/७५ ऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर उंची ७०४ वरून ७३४ मिलिमीटर होते. जमिनीपासून १५ मिलिमीटर जास्त मिळाले. पण घेर चार टक्क्यांहून जास्त वाढला. काटा ताशी ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ने धावत असेल. जणू सगळे गिअर थोडे उंच झाले. घाटात चढताना पहिला-दुसरा गिअर जास्त टाकावा लागेल. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतील, डिझेलही जास्त जळेल. २२५/७५ आर १५ घेतला तर वाढ दोनच टक्के. तीन टक्क्यांच्या आत राहावं, हा जाणकारांचा सर्वसाधारण संकेत शहाणपणाचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्याला आडकाठी घालतं, आणि अपघातानंतर विमा कंपनीही हेच विचारते. कंपनीने मान्य केलेलं माप सोडून जाण्यापूर्वी हे दोन्ही ध्यानात ठेवावं.

चार जमिनी, चार स्वभाव

कास, ठोसेघर, चाळकेवाडी, पाटणच्या बाजूचे सडे जांभ्याचे. जांभा उन्हाळ्यात खरखरीत असतो, टायर त्याला घट्ट धरतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. इथे खोल दातांचा फायदा नाही. मऊ रबर आणि नक्षीच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा हवेत, म्हणजे पाणी बाजूला सरून रबर दगडाला चिकटतं. बामणोलीकडे उतरणाऱ्या किंवा कोयनेच्या खोऱ्यातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर वरचा थर निसरडा आणि खालचा टणक असतो. तिथे फार रुंद टायर वरवर तरंगतो, माफक रुंदीचा टायर खाली जाऊन धरतो.

काळी माती निराळीच. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून हातभर भेगा पाडते. पलूस-वाळव्याच्या बाजूची एखादी पाणंद पावसानंतर पाहावी. गाडीचं चाक पहिला फेरा घेतं, तेव्हा नक्षीचा प्रत्येक ठोकळा मातीत स्पष्ट उमटतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला खाचा भरतात. दहा-वीस पावलांत टायरभोवती मातीचं जाड वेष्टन बसतं, नक्षी दिसेनाशी होते, आणि महागडा टायर गुळगुळीत रूळ होऊन फिरू लागतो. मडगार्डच्या आत माती ठासून चाक घासायला लागतं. ऑल-टेरेन टायरच्या खाचा इथे लवकर भरतात. मोठ्या दातांचा मड-टेरेन टायर वेगाने फिरवला तर माती झटकून टाकतो, पण खूप ओल असेल तर तोही हरतो. इथे हवा कमी करून, एकसारख्या संथ वेगाने, न थांबता जावं. आणि रान वापशावर येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबणं सगळ्यांत उत्तम. नांगर कधी घालायचा हे शेतकरी वापसा पाहून ठरवतो; गाडी घालायलाही तीच खूण पाहावी.

पूर्वेकडे माण, आटपाडी, जतला चिखलाचा त्रास कमी. तिथे बेसॉल्टच्या धारदार खड्या आणि वेड्या बाभळीचे काटे आहेत. धोका टायरच्या तळापेक्षा बाजूला जास्त. तळातलं भोक ट्यूबलेस टायरमध्ये दोरीवजा प्लग घालून पाच-दहा मिनिटांत बुजवता येतं, पण बाजूची चीर दुरुस्त होत नाही. म्हणून इथे जास्त थरांचा, बाजू भक्कम असलेला टायर हवा आणि हवाही फार कमी करू नये. फुगलेली बाजू खड्यांवर सहज कापली जाते.

चौथी जमीन डांबर. तिचा विचार करायला लोक विसरतात आणि गाडी सर्वांत जास्त चालते ती तिच्यावरच. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा, कराडवरून जातो. पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली हे घाट पावसात ओलेचिंब असतात. गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातली माती डांबरावर येते आणि एखाद्या अवकाळी सरीने तिचा राडा होतो. मड-टेरेन टायरचे सुटे मोठे ठोकळे ओल्या डांबरावर कमी टेकतात, ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि आवाजाने डोकं भणाणतं. जीव जाण्याचा खरा धोका रुतण्यात नसतो, घाटात वेळेवर न थांबण्यात असतो. या एका कारणासाठी मी रोजच्या गाडीला मड-टेरेन टायर घालायला कुणालाही सुचवणार नाही.

भार आणि जोड्या

गाडीत पलंग, पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी, छतावर तंबू असं सामान चढवणाऱ्यांनी भाराचा हिशेब आधी करावा. सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी. या भागात वजनकाट्यांना तोटा नाही. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा मोजावा. समजा, एकूण ३,००० किलोंपैकी मागे १,८०० आले. एका मागच्या टायरवर ९०० किलो झाले. १०४ निर्देशांकाचा टायर नेमका ९०० पेलतो, म्हणजे हाताशी काहीच उरलं नाही. खड्ड्यात आपटताना क्षणभर भार कितीतरी वाढतो. वर वीस टक्के धरून १,०८० किलो, म्हणजे १११ निर्देशांकाचा टायर घ्यावा. घरगाडीसाठी नक्षीपेक्षा हा आकडा आधी पाहावा.

फोर बाय फोरमध्ये चारही टायरांचा घेर सारखा असणं फार महत्त्वाचं. अनेक गाड्यांत फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले जातात. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर दोन्हीकडची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात, आणि तो पीळ ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये साठतो. मातीवर चाक थोडं घसरून तो पीळ सुटतो. कोरड्या डांबरावर सुटत नाही, गिअर तुटू शकतात. याच कारणासाठी अशा गाड्या कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये चालवायच्या नसतात. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची, त्याच जातीची हवी. नवा संच पाचाचा घ्यावा आणि पाचही टायर ठरावीक अंतराने फिरवत राहावेत, म्हणजे सगळे एकसारखे झिजतात. नियमाने नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. पण घाटमाथ्याच्या पावसात ती मर्यादा गाठायची वाट पाहू नये. ३ मिलिमीटर उरले की पावसाळ्यापूर्वी बदलावा.

टायर परवाना देत नाही

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ऑल-टेरेन टायर बसले की सड्यावर, गवतात, ओढ्यात गाडी घालायची हौस येते. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथल्या जांभ्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नाही. त्या थरात कंद आणि बिया वर्षभर पावसाची वाट पाहत असतात, टोपली कारवीसारखी झाडं तर सात वर्षांनी एकदा फुलतात. एका गाडीची चाकोरी तो थर खरवडून काढते, तिथून पाणी वाहू लागतं आणि उरलीसुरली मातीही जाते. कोयना आणि चांदोलीची जंगलं २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे ठरलेली वाट सोडायची नसतेच. ओल्या पाणंदीत विनाकारण गाडी घुसवली तर पुढचे कित्येक दिवस दुधाची गाडी आणि शाळेची मुलं त्या चाकोऱ्यांतून जातात. चांगला टायर असलेल्या माणसाने वाट आणखी जपून वापरावी.

निवडीचा क्रम

दुकानात बहुतेक वेळा आधी नक्षी बघितली जाते, मग किंमत, आणि बाकीचं राहून जातं. क्रम उलटा हवा. पहिल्यांदा गेल्या वर्षभरात आपली गाडी कुठल्या जमिनीवर किती चालली, हे प्रामाणिकपणे लिहून काढावं. मग गाडी भरून तोलावी आणि भाराचा निर्देशांक ठरवावा. मग कंपनीने मान्य केलेल्या रिमांपैकी सर्वांत लहान रिम पाहावा, आणि टायरची उंची मूळ मापाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावी. नक्षीचा विचार यानंतर. महामार्ग, घाट, मुरूम आणि अधूनमधून पाणंद असा ज्यांचा वापर आहे, त्यांना ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेला, माफक खाचांचा ऑल-टेरेन टायर पुरतो. ज्यांचं रोजचं काम ऊसपट्ट्यातल्या ओल्या रानात आहे, त्यांनी जास्त मोकळ्या खाचांचा घ्यावा आणि डांबरावर वेग कमी ठेवावा. जतच्या बाजूला राहणाऱ्याने बाजूची मजबुती पाहावी. ज्याची गाडी क्वचितच डांबर सोडते, त्याने साधा रोड टायरच ठेवावा आणि वाचलेल्या पैशांत गेज, कॉम्प्रेसर, फावडं आणि ओढायचा मजबूत पट्टा घ्यावा.

यातली कुठलीही निवड महिन्यातून एकदा, थंड टायरवर, स्टेपनीसकट पाचही टायरांची हवा मोजल्याशिवाय कामाची नाही. ते पाच मिनिटांचं काम दुसऱ्यावर न सोपवता गाडीच्या मालकाने स्वतः करावं.